घाटात लागतो, गॅरेजला विझतो: चेक इंजिन लाइटच्या नोंदी

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, पुणे पासिंग, मी २०१७ ला सेकंडहँड घेतली. आता १ लाख १८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता आणि नाव लिहिलं की ‘आमच्या गाडीला असं होत नाही’ हेच ऐकायला मिळतं. आम्ही कराडला राहतो, सासुरवाडी चिपळूण, त्यामुळे कुंभार्ली घाट महिन्यातून दोनदा तरी असतोच. नोंदी फोनवर त्या त्या दिवशी टाइप केल्यात, नंतर फक्त जरा नीट केल्या. मूर्खपणा काढून टाकलेला नाही.

९ जून २०२४, रविवार

चिपळूणहून परत येताना पोफळीच्या वर घाटात चहा घेतला, गाडी चालू केली, पाच मिनिटांनी मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा. पाऊस चांगला चालू होता. पिकअप नेहमीचाच, आवाज नाही, धक्के नाहीत. दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता. लुकलुकत असेल तर मिसफायर असतो आणि तशीच गाडी दामटली तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो एवढं माहीत होतं, त्यामुळे स्थिर बघून हळूहळू घरी आलो.

घरी आल्यावर जे केलं ते कुणी करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून अर्धा तास ठेवली. दिवा गेला, मी खूश. पण त्याच्याबरोबर कोडही (काय बिघडलं त्याचा नोंदलेला नंबर) गेला, आणि कोड पडला त्या क्षणी इंजिनची काय अवस्था होती ती ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) जपून ठेवलेली माहितीही गेली. रेडिओची सगळी स्टेशनं गेली ती वेगळीच. दोन दिवस सिग्नलला गाडी जरा थरथरत होती, कारण आयडलिंगचं शिकलेलं सगळं ईसीयू विसरला होता. म्हणजे पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसला.

२३ जून

परत तेच. चिपळूण, पाऊस, घाट, दिवा. यावेळी बॅटरीला हात लावला नाही. गॅरेजची वेळ बुधवारची मिळाली. सोमवारी ऑफिसला जाऊन आलो तेव्हा दिवा होता, मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना गाडी चालू केली तर गायब.

२६ जून

गॅरेजवाला म्हणाला, दिवाच नाही तर मी काय बघू. मी म्हटलं स्कॅनर लावा ना. तर म्हणे दिवा नसला की कोड दिसत नाही. हे चुकीचं आहे, पण मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याने ‘तरी आपण’ करत प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. बिल १,८५०. थ्रॉटलमध्ये कार्बन होता हे खरं, गाडी जरा मोकळी वाटतेय हेही खरं, पण दिव्याशी त्याचा काही संबंध होता असं आता तरी वाटत नाही.

नंतर वाचून जे कळलं ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा बुधवार वाया जाणार नाही. गाडीच्या सलग तीन फेऱ्या बिनदोष गेल्या की ईसीयू दिवा आपोआप विझवतो. फेरी म्हणजे इंजिन चालू करून, त्या भागाची तपासणी होईपर्यंत चालवून, बंद करणं. ऑफिसला जाणं एक, येणं दोन, परत जाणं तीन. पण कोड मेमरीत राहतो, इंजिन चाळीस वेळा गार-गरम होईपर्यंत. त्यामुळे दिवा विझल्यावरही स्कॅनर लावायचा, आणि गॅरेजवाला नाही म्हणाला तर दुसरीकडे जायचं.

२९ जून

ऑनलाइन ३८० रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले कोड फोनवर दाखवणारा) मागवला होता, तो आला. स्टिअरिंगच्या खाली सॉकेट आहे, त्यात लावला, लाल लाइट लागला, फोनला जोडला, अ‍ॅप म्हणतंय ईसीयूशी संपर्क नाही. एक तास इग्निशन चालू-बंद, फोन चालू-बंद, दुसरं अ‍ॅप. काही नाही. मुलगी येऊन विचारून गेली, बाबा गाडीत बसून काय करताय.

६ जुलै

कारण सापडलं. आमच्या गाडीचा ईसीयू स्कॅनरशी जुन्या के-लाइनवर बोलतो, नवीन गाड्यांसारखा कॅनवर नाही (या दोन्ही बोलण्याच्या पद्धती). आणि स्वस्तातले जे ईएलएम ३२७ (स्कॅनरमधली चिप) चे नकली तुकडे मिळतात, खास करून २.१ व्हर्जन लिहिलेले, त्यातल्या बऱ्याच जणांना के-लाइनची भाषाच येत नाही. १.५ व्हर्जनवाला १,३५० ला घेतला आणि पहिल्या झटक्यात जोडला गेला. ३८० वाला परत करायची मुदत संपली होती. सॉकेटमध्ये ७ नंबरच्या पिनला धातू असेल आणि ६ आणि १४ मोकळ्या असतील तर के-लाइन समजा, टॉर्च मारून दिसतं. हे आधी बघितलं असतं तर ३८० वाचले असते.

कोड मिळाला, पी ०१३५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) आतल्या हीटरचं सर्किट. सोबत त्या क्षणाची माहिती पण होती: कूलंट ९४ डिग्री, २,८५० आरपीएम, वेग ३८, इंजिनवरचा लोड ८० टक्क्यांच्या वर. मी ती वाचली, स्क्रीनशॉट काढला आणि विसरून गेलो. डोळ्यांना फक्त ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे दोन शब्द दिसले.

१३ जुलै

ओरिजनल सेन्सर ३,६५०. स्वतःच बसवायचा ठरवला कारण मजुरी पाचशे सांगत होते. चार तास गेले.

सेन्सर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत) बसतो, २२ चा पाना लागतो, आणि तेरा वर्षं तापून-गार होऊन तो असा धरून बसलेला असतो की विचारू नका. गंज सोडवायचा स्प्रे मारला (२२० रुपये), अर्धा तास थांबलो, पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आणि हात हीटशील्डच्या पत्र्यावर. मग इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, परत स्प्रे, परत जोर, आणि एकदाचा कर्र आवाज करून हलला. गरम असतानाच सुटतो, पण मनगटाला पोळतं, लांब बाह्यांचा शर्ट घालून बसा. नवीन सेन्सरच्या आट्यांना ते राखाडी ग्रीस लावलेलं येतं, ते पुसू नका, आणि टोकाला तर लागूच देऊ नका.

बसवून झाल्यावर, हात धुऊन, चहा घेताना सुचलं की जुन्याचा हीटर मोजावा. गार सेन्सरच्या हीटरच्या दोन वायरी (एकाच रंगाच्या असतात त्या) मल्टिमीटरला लावल्या: ६.१ ओहम. नवीन सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून त्याचाही मोजला: ६.३. म्हणजे जुना ठणठणीत होता. आधी मोजायला दोन मिनिटं लागली असती. ३,६५० रुपये आणि मनगटावर हा डाग.

२१ जुलै

चिपळूणला जाऊन आलो. दिवा नाही! पाऊस इतका होता की घाटात कुठे थांबलोच नाही, थेट कराड. सेन्सरच खराब होता, मीटरमध्ये ओहम बरोबर दिसले तरी गरम झाल्यावर जात असेल अशी माझी मीच समजूत काढली. गाडीच्या वहीत ‘झालं’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

(त्या रात्री स्कॅनर लावला असता तर सगळं तिथेच कळलं असतं. नाही लावला.)

४ ऑगस्ट

लागला. परत घाटात, परत पी ०१३५. बायको काही बोलली नाही, त्याचा जास्त त्रास झाला.

मग संशय पाण्यावर. दरवेळी पाऊस होताच. सेन्सरचा कपलर उघडला, आत कोरडा ठाक, पिना चकचकीत. फ्यूज काढून बघितला, चांगला. कपलरच्या गाडीकडच्या बाजूला इग्निशन चालू करून मीटर लावला: १२.४ व्होल्ट. म्हणजे सप्लाय येतोय. वायर वरून खालपर्यंत बोटांनी चाचपली, कुठे सोललेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही. वहीत लिहिलं ‘वायरिंग ओके’. ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी ओळ.

दुसऱ्या एका गॅरेजला दाखवलं. सेन्सर नवा, फ्यूज बरा, सप्लाय बरा, मग ईसीयूच, असं म्हणाले. जुन्या बाजारातला ९,००० ला मिळवून देतो. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

७ ऑगस्ट

रात्री जेवताना पाण्याचा विषय काढला तर ही म्हणाली, शिमग्याला पण लागला होता की, तेव्हा कुठे पाऊस होता. मला आठवतच नव्हतं. म्हणाली, चहा घेऊन निघालो आणि लागला, तुम्ही म्हणालात सेन्सर-बिन्सर असेल, जाईल, आणि दोन दिवसांनी गेला. आणि मग सहज भाजी वाढता वाढता म्हणाली, तुम्ही चहाला थांबता ना घाटात, तेव्हाच लागतो तो.

मी हसलो. मग हसणं थांबवून फोनवर यूपीआयची हिस्ट्री काढली. त्या टपरीचे पैसे: २६ मार्च, ९ जून, 
२३ जून, ४ ऑगस्ट. चारही वेळा दिवा. २१ जुलैला टपरीला पैसे नाहीत, दिवा नाही. ताट तसंच राहिलं.

रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. ईसीयू पहिल्यांदा दोष दिसल्यावर दिवा लावतच नाही. कच्ची नोंद करतो, पेंडिंग कोड म्हणतात. लगेच पुढच्या फेरीत तोच दोष परत दिसला तरच दिवा. पुढची फेरी साफ गेली तर कच्ची नोंद पुसून टाकतो. म्हणजे दोष घाटाच्या पहिल्या अर्ध्यातच येत होता, पण दिवा लागायला इंजिन एकदा बंद करून परत घाट चढावा लागत होता, आणि ते मी फक्त चहासाठी करत होतो. न थांबता आलो की कच्ची नोंद घेऊनच कराडला पोचायचो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या सपाट रस्त्याने ती पुसली जायची.

आणि तो विसरलेला स्क्रीनशॉट: ३८ चा वेग, २,८५० आरपीएम, लोड ८०. दुसरा गिअर, चढ, पाय दाबलेला. सगळं समोर लिहिलेलं होतं.

११ ऑगस्ट

भाच्याला घेऊन फक्त दिव्यासाठी घाटात गेलो. पेट्रोल ९०० चं. घाट उतरताना स्कॅनर चालू, काही नाही. पोफळीला गाडी वळवली, इंजिन बंद करून परत चालू केलं आणि वर चढलो. भाचा फोन घेऊन बाजूला. टपरीच्या थोडं आधी म्हणाला, मामा आला. पेंडिंगमध्ये पी ०१३५, मीटरमध्ये दिवा नाही. थांबलो, बंद केली, चहा घेतला (पैसे भाच्याने दिले, पुरावा त्याच्या फोनमध्ये), परत चालू केली, तिसऱ्या वळणानंतर दिवा लागला. आम्ही दोघं ओरडलो. इंजिनचा दिवा लागल्यावर आनंदाने ओरडलेली माणसं त्या घाटात आधी कुणी बघितली नसतील.

वर सपाट जागेत बॉनेट उघडलं. भाच्याला बाजूला उभं करून व्हिडिओ काढायला सांगितला. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही. हँडब्रेक पूर्ण, ब्रेकवर पाय, पहिला गिअर, क्लच जरासा सोडला. मग रिव्हर्स टाकून तसंच. व्हिडिओत इंजिन पहिल्या गिअरला मागे झुकतंय, चांगलं चार बोटं, आणि रिव्हर्सला टुणकन पुढे. इतकं हलायला नको. आणि मागे झुकलं की ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरची गाडीकडची वायर वाळत घातलेल्या दोरीसारखी ताणली जातेय, इंजिन जागेवर आलं की परत सैल. सिग्नलला गाडी उचलतानाही ताणली जात असणारच, पण क्षणभर, तेवढ्याला ईसीयू दाद देत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला मिनिटभर तशीच ताणून राहते.

पण वायर तर मी मोजली होती. १२.४ व्होल्ट.

१७ ऑगस्ट

ओगलेवाडीकडे जाताना एक म्हातारे ऑटो वायरमन बसतात, सगळे चाचाच म्हणतात. त्यांना व्हिडिओ दाखवला आणि १२.४ पण सांगितलं. त्यांनी माझा मीटर बघितलाच नाही. डब्यातून इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या, एक टोक बॉडीला, दुसरं कपलरच्या सप्लायच्या पिनला. इग्निशन चालू. बल्ब लागला, पण पिवळट. मग त्यांनी कपलरच्या मागे दोन इंचांवर वायर चिमटीत धरून हळूच ओढली. बल्ब विझत विझत नुसती तांबडी तार राहिली. सोडली, परत पिवळट.

म्हणाले, “सायेब, व्होल्ट दिसत्यात, दम न्हाय.”

ब्लेडने वरचं प्लॅस्टिक उभं चिरलं. वरून अख्खी दिसणारी वायर, आत तांबं काळं-हिरवं पडलेलं, सगळ्या तारा तुटून दोन कशाबशा एकमेकींना टेकलेल्या. मल्टिमीटरला करंट लागतोच किती, त्याला दोन तारा भरपूर, तो १२.४ दाखवणारच. हीटरला अँपिअरमध्ये करंट लागतो, तो त्या दोन तारांतून येईना. त्यामुळे इथून पुढे सप्लायची वायर तपासताना मी आधी बल्ब लावणार, मीटर नंतर.

वायर ताणली का जात होती तेही निघालं. हार्नेस (वायरींचा जुडगा) धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप जागेवर नव्हती, आणि वायर एका ब्रॅकेटच्या चुकीच्या बाजूने गेली होती. २०२२ ला क्लचचं काम केलं होतं तेव्हाच कुणीतरी तशी घातली असणार. कुठे केलं ते सांगत नाही, मी पण तेव्हा बघितलं नव्हतं.

चाचांनी खराब तुकडा कापून टाकला, चार इंच नवीन वायर टाकली, पिळून सोल्डर, वर गरम करून बसणारी स्लीव्ह, वायर ब्रॅकेटच्या बरोबर बाजूने घेतली आणि इंजिन हललं तरी पुरेल एवढी ढील ठेवून टायने बांधली. सोल्डरच्या शेजारी वायर कडक होते आणि हलणाऱ्या जागी परत तिथेच तुटू शकते, म्हणून क्रिंप (दाबून बसवलेला जोड) बरं असं मी वाचलं होतं. चाचांना म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सांधा टायच्या अलीकडे, न हलणाऱ्या भागात घेतलाय, त्यामुळे चालेल. पैसे २५०. बल्ब परत लावला तेव्हा असा लख्ख लागला की डोळे दिपले.

२४ ऑगस्ट

इंजिनचं मागचं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंट) बदललं. रबर असं फाटलेलं की फटीत बोट जात होतं. पार्ट १,४५० आणि मजुरी ५००. हे केलं नसतं तरी दिवा लागला नसता कदाचित, पण इंजिन असंच झोके घेत राहिलं असतं आणि उद्या दुसरी वायर गेली असती. आणि गंमत म्हणजे सिग्नलला डॅशबोर्डमधून खडखड आवाज यायचा तो पण गेला. दोन वर्षं मी तो वयाचा दोष समजत होतो, गाडीच्या.

९ सप्टेंबर

गणपतीला चिपळूणला गेलो होतो, दीड दिवसाचा असतो, आज परत आलो. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ आणि सासूबाईंनी दिलेलं पोतंभर काय काय, म्हणजे लोड व्यवस्थित. घाटात मुद्दाम दोनदा थांबलो. दोन्ही वेळा इंजिन बंद, चहा, चालू. दोन्ही वेळा स्कॅनर लावून पेंडिंग बघितलं, रिकामं. घरी आल्यावर परत बघितलं, रिकामं. यावेळी ‘झालं’ लिहिलं नाही, नुसती तारीख टाकली.

२९ सप्टेंबर

मधल्या काळात अजून एक चिपळूण झालं. दिवा नाही, पेंडिंग नाही.

खर्च विचारला होता एकाने म्हणून सगळा मांडला. प्लग-थ्रॉटल १,८५०, न चाललेला स्कॅनर ३८०, चाललेला १,३५०, सेन्सर ३,६५०, स्प्रे २२०, घाटातलं पेट्रोल ९००, चाचा २५०, फाउंडेशन मजुरीसकट १,९५०. एकूण १०,५५०. यातलं खरं लागणारं स्कॅनर, चाचा आणि फाउंडेशन, ३,५५०. चहाचे पैसे धरलेले नाहीत, ही म्हणते ते तपासाचा खर्च म्हणून धरायला हवेत.

जुना सेन्सर चांगला आहे, ६.१ ओहम, कागदात गुंडाळून डिकीत ठेवलाय. कुणाला लागला तर न्या.